विंडोज सोडून मॅक घेतला, पण खरं काम निघालं जुन्या मराठी फाइल्सचं

तर आमच्याकडे आता मॅक मिनी आलाय, म्हणजे ॲपलचा स्क्रीन-कीबोर्ड नसलेला छोटा कॉम्प्युटर. ज्यांना फक्त मॅक घ्यावा का एवढंच विचारायचंय त्यांना उत्तर आधीच देऊन टाकते, मशीन उत्तम आहे, आवाज नाही, तापत नाही, परवडत असेल तर घ्या. पण तुम्ही माझ्यासारखं मराठीत काम करत असाल, म्हणजे टायपिंग, डीटीपी (छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावणं), प्रूफं, भाषांतरं, आणि पंचवीस-तीस वर्षांचं काम हार्डडिस्कवर पडून असेल तर पैसे भरायच्या आधी दुसरी एक गोष्ट बघा. तुमचं मराठी कुठल्या फॉन्टमध्ये आहे ते बघा. कारण कॉम्प्युटरची कंपनी बदलणं सोपं आहे, दोन दिवसात हात बसतो, पण जुन्या फॉन्टमध्ये अडकलेलं मराठी बाहेर काढणं हे खरं काम आहे आणि ते आपलं आपल्यालाच करावं लागतं.

आधी बदललं का ते सांगते. आमचा पीसी असेंबल केलेला, सातव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, मध्ये एकदा रॅम वाढवलेली, हार्डडिस्क काढून एसएसडी टाकलेली, कॅबिनेट तर त्याच्याही आधीच्या मशीनचं. बंद पडला नव्हता, आजही चालतो. पण मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सिक्युरिटीची चिप लागते, शिवाय प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो, म्हणजे आमचा एका जनरेशनने हुकला. एक वर्षाची मुदतवाढ मिळते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट्स येत राहतात, पण तीही मुदतवाढच. त्याच मशीनवर ह्यांचं नेटबँकिंग, सोसायटीचे हिशोब, माझी लोकांकडून आलेली हस्तलिखितं, सगळं एकत्र, त्यामुळे सिक्युरिटी अपडेट नसलेल्या मशीनवर हे करत राहणं मला पटत नव्हतं. चालू मशीन केवळ तारीख उलटली म्हणून टाकून द्यायचं हे मला अजिबात आवडत नाही, आणि हे ॲपलला पण लागू आहे बरं का, त्यांनी पण जाहीर केलंय की इंटेलवाल्या मॅकना मॅकओएस टाहो हे शेवटचं व्हर्जन. म्हणजे इकडे गेलो म्हणून आपण कायमचे सुटलो असं कोणी समजू नये.

इथे ठाण्यात गोखले रोडवरच्या आमच्या नेहमीच्या दुकानदाराने सांगितलं, मॅडम, बोर्ड, प्रोसेसर, रॅम बदलून देतो, कॅबिनेट तेच ठेवा. एक मन तसंच म्हणत होतं. दुसरा पर्याय मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन सगळं नवीन असेंबल करायचा, तो ह्यांचा आवडता पर्याय, कारण आमचा पहिला कॉम्प्युटर तिथूनच आला होता, ग्रँट रोडहून टॅक्सी करून, मांडीवर मॉनिटर घेऊन, नौपाड्यापर्यंत. तिसरा लिनक्स, जुन्याच मशीनवर फुकटात. आणि चौथा मुलीचा, "आई, तू मॅक मिनी घे आणि मोकळी हो". ती ऑफिसमध्ये मॅकच वापरते. मी विवियाना मॉलमधे जाऊन बघून आले, तळहातापेक्षा थोडासा मोठा डबा, १२.७ सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद, उंची ५ सेंटिमीटर. एम४ चिपवाला २०२४ च्या शेवटी आला तेव्हा भारतातली किंमत ५९,९०० होती आणि विद्यार्थी, शिक्षक वगैरेंसाठी ४९,९००. त्यात १६ जीबी रॅम. पण रॅम नंतर वाढवता येत नाही, ती चिपसोबतच बसवलेली असते, हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. असेंबल्ड मशीनची सवय असलेल्यांना हे जड जातं, आपण लागेल तसं टाकत आलो, इथे काय ते पहिल्या दिवशीच ठरवायचं.

माझं ठरलं ते एका साध्या हिशोबावर, की मॉनिटर आहे, कीबोर्ड आहे, माऊस आहे, यूपीएस आहे, फक्त डबा घ्यायचाय. आणि दुसरं म्हणजे मला आवाज नको होता. प्रूफं वाचताना मी मनात मोठ्याने वाचते, जुन्या कॅबिनेटचा पंखा दिवसभर घरघरायचा तो डोक्यात जायचा. आता यूपीएसवर लोडसुद्धा इतका कमी येतो की पावसाळ्यात लाईट गेली तरी हातातलं काम सेव्ह करून वर दोन मेल पाठवून होतात.

पोर्टचं मात्र आधी बघा. मॅक मिनीला जुनं चौकोनी यूएसबी एकही नाही, पुढे दोन यूएसबी-सी, मागे तीन थंडरबोल्ट, एक एचडीएमआय, एक लॅनचं. म्हणजे पेनड्राइव्ह, जुना कीबोर्ड, डोंगल (म्हणजे सॉफ्टवेअर चालू व्हायला लावावं लागणारं लॉक) काहीही लावायचं तर हब लागतो, तो त्याच दिवशी घेऊन टाका. जुना मॉनिटर फुल एचडी असेल तर अक्षरं विंडोजपेक्षा किंचित धुरकट दिसतात, हा भास नाही, ॲपलने २०१८ पासून अक्षरांच्या कडा गुळगुळीत करायची जुनी पद्धत काढली आणि कमी रिझोल्यूशनच्या मॉनिटरवर ते जाणवतं. बारीक टायपात प्रूफं वाचणाऱ्या माणसाला हे पहिल्याच दिवशी कळतं. मी तूर्तास अक्षरं मोठी करून वाचतेय, मॉनिटर सावकाश बदलू.

बाकी सवयी. कंट्रोल-सीच्या जागी कमांड-सी, विंडोजच्या कीबोर्डवरची विंडोजची की तीच कमांड होते आणि आल्ट ते ऑप्शन, सेटिंगमध्ये अदलाबदलही करता येते. फाइलवर एंटर मारला की ती उघडत नाही, तिचं नाव बदलायची जागा उघडते. लाल बटण दाबलं तरी प्रोग्रॅम बंद होत नाही, खिडकी बंद होते. फाइल कट करून दुसरीकडे टाकायची तर आधी कॉपी करायची आणि टाकताना ऑप्शन-कमांड-व्ही. हे सगळं ह्यांना जास्त त्रासदायक झालं, मला नाही. मला आवडलेली गोष्ट म्हणजे फाइल निवडून नुसता स्पेसबार दाबला की आत काय आहे ते दिसतं, शंभर पीडीएफ मधून हवी ती शोधताना हे फार कामाचं आहे.

एक्स्टर्नल हार्डडिस्क विंडोजवर फॉरमॅट केलेली असेल, म्हणजे एनटीएफएस, तर मॅक ती वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही. दोन्हीकडे चालायला हवी तर एक्सफॅट करून घ्या, पण आधी आतला डेटा दुसरीकडे काढून मगच, फॉरमॅट म्हणजे सगळं पुसलं जातं.

आता हातांचा विषय, कारण तो मला जास्त जवळचा आहे. मी टायपिंग शिकले ते ठाणे स्टेशनजवळच्या इन्स्टिट्यूटमध्ये, खऱ्या टाइपरायटरवर, मराठी तीस आणि चाळीसची (म्हणजे मिनिटाला इतके शब्द) सरकारी परीक्षा देऊन. तो रेमिंग्टनचा कीबोर्ड. त्यात अर्धी अक्षरं वेगळी, त्यांना काना जोडला की अक्षर पूर्ण होतं, अर्धा ण आणि काना म्हणजे ण, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची कारण कागदावर ती आधी येते. पुढे कॉम्प्युटरवर डीटीपीची पॅकेजेस आली तीही टाइपरायटर कीबोर्डचा पर्याय द्यायची, त्यामुळे माझ्या पिढीच्या बहुतेक ऑपरेटर बायकांचे हात त्यावरच पक्के झाले. मॅकमध्ये मराठी टाकायला सेटिंगमधे कीबोर्ड, मग इनपुट सोर्सेस, आणि तिथे अधिकची खूण दाबून मराठी निवडायचं, कुठलंही सॉफ्टवेअर विकत घ्यायला लागत नाही, पण रेमिंग्टन त्यात नाही. इन्स्क्रिप्ट आहे, देवनागरी क्वर्टी आहे. युकेलेले नावाचं एसआयएल या संस्थेचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात स्वतःचा कीबोर्ड बनवता येतो, मुलगी म्हणाली मी बसवून देते तुला रेमिंग्टन. मी विचार करून नको म्हटलं.

कारण इन्स्क्रिप्ट ही आपल्या देशात विचार करून बनवलेली चीज आहे आणि ती ह्या कंपनीची त्या कंपनीची नाही. १९८० च्या दशकात सरकारी पातळीवर ठरली, १९९१ च्या भारतीय मानकात आली, आणि आज विंडोज, मॅक, लिनक्स, फोन, कुठेही जा, जवळपास तीच. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. क वर शिफ्ट दाबला की ख, ग वर घ, त वर थ, प वर फ. र वर शिफ्ट की ऱ, ल वर शिफ्ट की ळ. वर्णमाला पाठ असलेल्या माणसाला हे लगेच कळतं, आणि एकदा मराठीत आलं की गुजराती किंवा कानडी कीबोर्डही त्याच क्रमाने लावलेला असतो. वयाच्या ह्या टप्प्यावर बोटं बदलायला कष्ट पडले, संध्याकाळी मनगटं दुखायची, काम रेंगाळायचं, पण मला परत कुठल्या एका मशीनला बांधून घ्यायचं नव्हतं. मशीन कोणाचंही असो, हात माझेच राहिले पाहिजेत. आता मुलीच्या लॅपटॉपवर किंवा ह्यांच्या ऑफिसच्या मशीनवर बसले तरी मी त्याच वेगाने लिहू शकते, ही मोकळीक टाइपरायटर सुटल्यापासून पहिल्यांदाच मिळाली.

एक सवय मात्र डोक्यातूनच काढावी लागते, इन्स्क्रिप्टमध्ये जसं बोलतो तसं टाइप करायचं. "स्थिती" ला आधी स, मग हलन्त (पाय मोडायची खूण), मग थ, आणि मग वेलांटी. वेलांटी दिसते आधी पण मारायची नंतर. आणि इथेच जुन्या फाइल्सचा सगळा गुंता आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या मशीनवर एकच ठरलेला क्रमांक. देवनागरी त्यात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि विंडोज २००० पासून ती विंडोजवर नीट दिसायला लागली. पण त्याआधी आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं आपलं सगळं छापील मराठी श्रीलिपी, आकृती, एपीएस, आयएसएम, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये होत होतं. त्या काळात दुसरा मार्गच नव्हता आणि त्या लोकांनी मराठी छपाईसाठी मोठं काम केलंय, हे मी मनापासून म्हणते, खिळे जुळवणाऱ्या छापखान्यांचे दिवस मी थोडे पाहिलेत. फक्त प्रत्येकाची पद्धत वेगळी. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले, कोणाकडे ए च्या जागी एक तुकडा तर कोणाकडे दुसरा. तो फॉन्ट मशीनवर असेल तर मराठी दिसतं, नसेल तर इंग्रजी अक्षरं, आकडे, कंस, उद्गारचिन्हं यांची खिचडी. म्हणजे फाइलमध्ये मराठी नव्हतंच, मराठीचं फक्त चित्र होतं.

आणि गंमत बघा, डीटीपीची सुरुवातच मॅकवर झाली. १९८५ साली आल्डस कंपनीचं पेजमेकर हे पानं लावायचं सॉफ्टवेअर आलं ते मॅकिंटॉशसाठीच. मग पुढे आपल्याकडे ते विंडोजवर रुजलं, ॲडोबीने घेतलं, २००१ मध्ये ७.० आलं ते शेवटचं. ठाण्या-डोंबिवलीच्या गल्लीबोळात लग्नपत्रिकेपासून दिवाळी अंकापर्यंत सगळं पेजमेकर आणि कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) मध्येच व्हायचं. आजच्या मॅकवर पेजमेकर उघडतच नाही. कोरल २०१९ पासून मॅकवर परत मिळायला लागलं पण ते परत विकत घ्यायचं, आणि उघडलं तरी आतला फॉन्ट जुनाच.

माझ्या पॅकेजला लॉक आहे, डोंगल, आधीचं प्रिंटरच्या पोर्टला लागायचं, नंतरचं यूएसबीला. मुलीला वाटलं होतं की मॅकवर पॅरेलल्स टाकून त्यात विंडोज चालवू. चालतं विंडोज, पण ते एआरएम, म्हणजे ॲपलच्या चिपसारख्या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरचं विंडोज, जुने प्रोग्रॅम त्यात बरेचसे चालतात पण डोंगलचा ड्रायव्हर एआरएमसाठी बनवलेला नसेल तर तो बसतच नाही. आणि बूट कॅम्प, म्हणजे मॅक सरळ विंडोजमध्ये सुरू करायची सोय, ॲपलच्या नव्या चिपवर नाहीच. म्हणजे मार्ग एकच उरला, जुन्या पीसीवर एकेक फाइल उघडायची, मजकूर बाहेर काढायचा, युनिकोड करायचा आणि मग मॅकवर आणायचा.

हे सगळं कशाला करायचं, जुनी कामं गेली तर गेली, असं मला दोघा-तिघांनी म्हटलं. त्यांना मी मुरबाडच्या गुरुजींचं सांगते. निवृत्त प्राथमिक शिक्षक होते, मुरबाड आणि शहापूरच्या गावांत नोकरी झाली आणि तिथल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या त्यांनी वह्यांमध्ये उतरवून घेतल्या होत्या, कोणी सांगितलं नव्हतं, पगार नव्हता, शाळा सुटली की बसायचे. त्याचं पुस्तक त्यांनी स्वतःच्या पैशाने काढलं, टाइप मी केलं, थोड्या प्रती छापल्या आणि नातेवाईक, शाळा, वाचनालयं यांना वाटल्या. गुरुजी आता नाहीत. त्यांचा मुलगा कल्याणला असतो, त्याला दुसरी आवृत्ती काढायचीय, छापखाना कधीच बंद झाला, फिल्म फेकून दिल्या, राहिली ती माझ्याकडची फाइल. ज्या म्हाताऱ्यांनी त्या ओव्या सांगितल्या त्यातली एकही आता नसणार, दळायची जातीही राहिली नाहीत. ती फाइल मी उघडू शकले नाही तर छापील प्रत बघून परत सगळं टाइप करायचं, आणि प्रत नसती तर संपलंच असतं.

आपल्या ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. तिथे जुनं पुस्तक काढलं की उघडायचं आणि वाचायचं, काही लागत नाही, चष्मा सोडून. आणि मी १९९८ साली केलेली फाइल वाचायला विशिष्ट विंडोज, विशिष्ट पॅकेज, विशिष्ट लॉक लागतं. हे मला सहन होत नाही.

तर पद्धत. पेजमेकरमधून मजकूर बाहेर काढताना साध्या टेक्स्टमध्ये काढू नका, आरटीएफमध्ये काढा. साध्या टेक्स्टमध्ये फॉन्टचं नाव जातं, मग मध्येच जी इंग्रजी नावं आणि शब्द असतात तेही कन्व्हर्टर मराठी समजून बदलतो आणि भलतंच काहीतरी होतं. आरटीएफमध्ये कुठला तुकडा मराठी फॉन्टचा आणि कुठला इंग्रजी ते कळतं. मग कन्व्हर्टर, नेटवर फुकट मिळतात, सी-डॅक या सरकारी संस्थेचे आहेत, लोकांनी हौसेने बनवलेले आहेत, पण तुमच्या नेमक्या फॉन्टचा बघा, एकाच कंपनीच्या दोन फॉन्टमध्येही फरक असतो. आणि मग वाचन. कन्व्हर्टरने दिलेलं जसंच्या तसं कुठेही पाठवू नका, माझी हात जोडून विनंती आहे.

कारण रफार. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षराच्या नंतर येतो, युनिकोडमध्ये र आणि हलन्त आधी. वाईट कन्व्हर्टर ते फिरवत नाही. मग "आर्थिक" चं "आथिर्क" होतं, "कार्यक्रम" चं "कायर्क्रम", "सर्व" चं "सवर्". तुम्ही नेटवर जुने मराठी लेख वाचले असतील तर हे शब्द शंभरदा दिसले असतील, त्यांचं मूळ हे. वेलांटीचंही तसंच, "स्थिती" चं "सि्थती", वेलांटी पूर्ण जोडाक्षर ओलांडून पुढे जायला हवी ती मध्येच अडकते. यातले "सवर्" सारखे सोपे, मराठीत शब्दाच्या शेवटी पाय मोडलेला र येत नाही, त्यामुळे र-हलन्त आणि पुढे जागा असं शोधलं की सगळे एका झटक्यात सापडतात. शब्दाच्या मधले अवघड, कारण "आथिर्क" मधला र्क दिसायला व्यवस्थित जोडाक्षर आहे, मशीनला त्यात काही चूक दिसत नाही. तिथे डोळेच लागतात. लिब्रेऑफिसमध्ये मी र-हलन्त शोधत शोधत एकेक शब्द थांबून बघते, वेळ जातो, पण दुसरा उपाय नाही.

आणि ऱ्य, ऱ्ह. "दुसऱ्या", "ऱ्हास". हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एक ऱ घेऊन आणि दुसरा साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं एक जोडचिन्ह घालून. दोन्ही कागदावर सारखेच दिसतात पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा नाही. "ॲ" चं तसंच, एक अखंड ॲ जो युनिकोडमध्ये २००८ साली आला आणि एक अ वर चंद्र देऊन केलेला. मी सगळीकडे ऱ आणि अखंड ॲ असंच करून घेते, एकदाच, म्हणजे पुढे जो कोणी शोधेल त्याला सापडेल.

गुरुजींच्या ओव्यांमध्ये याच्यावर कडी होती. भाषा गावची, "माज्या", "न्हाई", "ऱ्हाया", शब्द प्रमाण मराठीतले नाहीत, त्यामुळे स्पेलचेक सगळ्याखालीच लाल रेघ मारतं. एखादं अक्षर विचित्र दिसलं तर ते कन्व्हर्टरने बिघडवलंय का त्या बाईने तसंच म्हटलं होतं, हे फक्त मूळ वही सांगू शकते. मुलाने वह्या आणून दिल्या, शाळेच्या रेघी वह्या, निळ्या शाईच्या, गुरुजींचं अक्षर इतकं स्वच्छ की प्रत्येक ओवीखाली बाईचं नाव आणि गाव वाचता येतं. छापील पुस्तकात नावं घेतली नव्हती, जागा आणि खर्च वाचवायला. आता दुसऱ्या आवृत्तीत ती घालतोय. फाइल सरळ उघडली असती तर वह्या परत कोणी काढल्याच नसत्या, आणि त्या बायकांची नावं तशीच राहून गेली असती.

फॉन्टबद्दल थोडंसं. युनिकोड केलं की आता सुंदर फॉन्ट हवा. मॅकमध्ये कोहिनूर देवनागरी येतोच, स्क्रीनवर छान. पुस्तकासाठी मी टिरो देवनागरी मराठी घेतला, गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे, मराठी वळणाचा आहे, आपला ल आणि श जसे हवेत तसे. मुंबईच्या एकटाइपचा मुक्ता आहे, पत्रकं, जाहिराती, सोसायटीच्या नोटिसांना अगदी स्वच्छ दिसतो. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू आहेत. मराठी वळणाचे फॉन्ट मिळत नाहीत ही तक्रार आता खरी राहिलेली नाही, वापरणारे वाढले पाहिजेत.

ह्यांचं काय झालं विचाराल तर टॅली. पहिला प्रश्नच तो होता, "अगं, पण टॅली चालणार का त्यात?" नाही चालत, टॅली विंडोजचीच आहे. सोसायटीच्या कमिटीत बोलून हिशोब सोसायटी ऑफिसच्या मशीनवर नेले, आणि खरं म्हणजे ते तिथेच असायला हवेत, खजिनदार बदलला तरी हिशोब जागेवर राहतात. एक्सेल मॅकवर आहे. आमचा जुना प्रिंटर नव्या मॅकने ओळखला नाही, त्याचा मॅकसाठीचा ड्रायव्हर कंपनीने काढलेलाच नाही, तो जुन्या पीसीला तसाच ठेवलाय. मॅक घेणाऱ्यांनी प्रिंटर एअरप्रिंटवाला, म्हणजे मॅकला वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणारा आहे का तेवढं बघून घ्या.

जुना पीसी मी भंगारात दिलेला नाही आणि देणारही नाही. लॅनची वायर काढून टाकली, वायफाय बंद, नेटचा संबंध नाही, त्यामुळे सपोर्ट संपला तरी धास्ती नाही. त्यावर विंडोज १०, पेजमेकर, कोरल, पॅकेज आणि त्याचं लॉक, एवढंच. त्या हार्डडिस्कची अख्खी इमेज काढून दोन ठिकाणी ठेवलीय. मॅकचा बॅकअप टाइम मशीनवर, वेगळ्या डिस्कवर. लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं वगैरे कोरलमधली मी युनिकोड करणार नाहीये, त्यांची तिथूनच पीडीएफ करून ठेवली, बघायला पुरे. युनिकोड करायचं ते फक्त ज्यात मजकूर महत्त्वाचा आहे ते, ओव्या, दोन वाचनालयांच्या स्मरणिका, एका आजींचं आत्मकथन, तीन-चार कवितासंग्रह ज्यांचे कवी आता कुठे असतात मला माहीत नाही.

आणि ठाणे, कळवा, मुलुंड भागातल्या कोणाकडे मंडळाची जुनी स्मरणिका, ज्ञातीचा इतिहास, आजोबांचं लिखाण असं काही जुन्या सीडीवर पडून असेल आणि उघडत नसेल तर पीसी चालू आहे तोवर घेऊन या. मदरबोर्ड कधी जाईल सांगता येत नाही आणि तसला बोर्ड नंतर मिळणार नाही. सीडीच्या कव्हरवर फॉन्टचं किंवा पॅकेजचं नाव लिहिलंय का ते बघा, ज्याने टाइप केलं त्याचा पत्ता लागला तर त्याला विचारून घ्या, आणि छापील प्रत असेल तर ती सोबत आणाच, ताडून बघायला लागते. फ्लॉपी असेल तरी आणा, यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह माझ्याकडे आहे.